मदत हवी आहे: सोसायटीमागची शेती विभागातील जमीन रहिवास विभागात घेण्याच्या सूचनेवर हरकत कशी नोंदवावी?

नमस्कार.

पुणे परिसरातील एका महानगरपालिकेच्या हद्दीत, काही वर्षांपूर्वीपर्यंत ग्रामपंचायत असलेल्या गावात आमची सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. संस्थेच्या मागच्या भिंतीला लागून सुमारे चार हेक्टर जमीन आहे. मंजूर विकास योजनेत ती शेती विभागात दाखवलेली असून आजही तिच्या बऱ्याच भागात ज्वारी आणि भाजीपाला घेतला जातो. ही जमीन शेती विभागातून वगळून रहिवास विभागात समाविष्ट करण्याचा फेरबदल महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ (१) अन्वये प्रस्तावित झाला आहे आणि त्यावर हरकती व सूचना मागवणारी जाहीर सूचना नुकतीच प्रसिद्ध झाली आहे. मुदत सूचनेच्या दिनांकापासून एक महिन्याची आहे. हरकतीचा मसुदा तयार करण्याचे काम कार्यकारिणीने माझ्याकडे सोपवले आहे. मी लेखापाल आहे, त्यामुळे आकडेमोड जमते. नगररचनेच्या कार्यालयात कोणता कागद कोणत्या टेबलावर मिळतो, हे मात्र जाणकारांनाच विचारावे लागणार.

सुरुवातीलाच स्पष्ट करतो की तेथे इमारती होऊच नयेत अशी आमची, निदान माझी, भूमिका नाही. आम्ही राहतो ती इमारतही एकेकाळच्या शेतजमिनीवरच उभी आहे. त्यामुळे ‘बाल्कनीतून दिसणारा डोंगर झाकला जाईल’ आणि ‘सदनिकांचे भाव उतरतील’ ही दोन कारणे अर्जात लिहिण्यास मी नकार दिला आहे. त्यावरून काही ज्येष्ठ सभासद नाराज आहेत, ते असो. आमची खरी काळजी रस्ता, पाणी आणि ओढा या तीन गोष्टींची आहे, आणि त्यातही रस्त्याची सर्वांत जास्त.

डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत, म्हणजे ज्याला सगळे यूडीसीपीआर म्हणतात तीत, किती बांधता येईल हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. मूळ चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण, १.१ आहे. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर गोष्ट तेथेच थांबते. रस्ता १५ ते २४ मीटरच्या गटात असेल, तर अधिमूल्य भरून ०.५ आणि टीडीआर (दुसरीकडून विकत घेतलेला हस्तांतरणीय विकास हक्क) वापरून ०.९ असे धरून तो २.५ पर्यंत जातो. त्यावर रहिवासी वापरासाठी ६० टक्के अनुषंगिक (जिने, बाल्कनी यांसारख्या भागांसाठीचे) क्षेत्र मिळते, म्हणजे प्रत्यक्षात ४. चार हेक्टरांतून रस्ता आणि सुविधा क्षेत्र वजा जाता ढोबळपणे तीस हजार चौरस मीटर उरतात असे धरले, तर एक लाख वीस हजार चौरस मीटर बांधकाम होऊ शकते. तोच रस्ता ९ मीटरच्या आतला धरला तर, १.१ वर तेच ६० टक्के मिळवून, हेच बांधकाम बावन्न-त्रेपन्न हजारांवर थांबते. अर्ध्याहून अधिक इमारती केवळ रस्ता किती रुंद मानला जातो यावर उभ्या राहणार आहेत किंवा राहणार नाहीत, हे माझ्या लक्षात आले तेव्हा मी तो हिशेब पुन्हा करून पाहिला.

आता आमचा रस्ता. विकास योजनेत तो १८ मीटरचा दाखवलेला आहे. ओढ्यावरील मोरीजवळ (लहान पुलाजवळ) आम्ही टेप धरून मोजला तेव्हा डांबराची रुंदी साडेपाच मीटर भरली. तेथे शाळेची बस आणि पाण्याचा टँकर समोरासमोर आले की टँकरला किराणा दुकानाच्या पायरीपर्यंत मागे जावे लागते आणि दुकानदार बाहेर ठेवलेली कांद्याची पोती आत ओढून घेतो. रुंदीकरणासाठी लागणाऱ्या जागांपैकी काहींचा ताबा अजून मिळालेला नाही, काहींवर जुनी घरे आहेत.

पाण्याचा हिशेब त्यामानाने सोपा आहे. वरील क्षेत्रात शंभर चौरस मीटरला एक याप्रमाणे बाराशे सदनिका आणि घरटी चार माणसे धरली तर ४,८०० लोक होतात. माणशी १३५ लिटरच्या मानकाने रोज सुमारे साडेसहा लाख लिटर पाणी लागेल, म्हणजे दहा हजार लिटरचे पासष्ट टँकर. आमच्याच संस्थेला आज उन्हाळ्यात टँकर घ्यावे लागतात आणि ते त्याच मोरीवरून येतात.

ओढ्याबाबत माझा गोंधळ आहे. भूमी अभिलेख कार्यालयातून घेतलेल्या गाव नकाशात या जमिनीच्या पूर्वेकडून एक ओढा जाताना स्पष्ट दिसतो. सूचनेसोबतच्या भाग नकाशावर मात्र तेथे काहीच दाखवलेले नाही. जमिनीवर ओढा आहे, पावसाळ्यात वाहतो, आणि मोरी त्याच्यासाठीच बांधलेली आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला आलेल्या पुरात अनेकांचे प्राण गेले, तेव्हापासून नकाशावरून गायब झालेला ओढा ही तांत्रिक त्रुटी म्हणून सोडून देण्याची आमची तयारी नाही.

माझे प्रश्न असे आहेत. हरकत संस्थेच्या नावाने एकच द्यावी की सभासदांनी स्वतंत्रपणे द्यावी? आम्ही त्या जमिनीचे मालक नाही, तेव्हा आम्हाला हरकत घेण्याचा अधिकारच नाही असे एका परिचित वकिलांनी सुचवले, ते बरोबर आहे का? फेरबदल पूर्णपणे नाकारा असे म्हणण्याऐवजी तो अटींवर मंजूर करा असे मागता येते का, आणि तशा अटी पुढे पाळल्या जातात का? शेवटचा प्रश्न असा की, हे मुद्दे पुढे इमारतीच्या पर्यावरण परवानगीच्या वेळी मांडता येतील, आता घाई कशाला, असे काही सभासद म्हणतात. त्यांना काय सांगावे?

प्रतिसाद १

मी नगररचनेच्या कामात अनेक वर्षे काढली आहेत, त्यामुळे शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तुमच्या सभासदांची गल्लत तेथेच होत आहे. वीस हजार चौरस मीटर आणि त्यावरील बांधकामाला २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार पूर्वपरवानगी लागते हे खरे, परंतु त्याच अधिसूचनेने इमारत व नगरवसाहत प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळलेले आहे. तेथे तुम्हाला कोणी बोलावणार नाही. बांधकाम परवानगी तर अर्जदार आणि प्राधिकरण यांच्यातच असते. या संपूर्ण प्रक्रियेत शेजाऱ्याला कायद्याने ‘तुमचे म्हणणे काय’ असे विचारले जाते ते या एकाच टप्प्यावर, आणि तो महिना सुरू झालेला आहे.

हरकतीचा अधिकार मालकालाच असतो हे बरोबर नाही. कलम ३७ (१) मध्ये हरकती ‘कोणत्याही व्यक्तीकडून’ मागवल्या जातात. नियोजनाच्या बाबतीत रहिवाशांना दाद मागता येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये बंगलोर मेडिकल ट्रस्टच्या प्रकरणात स्पष्ट केले. तेथे उद्यानासाठी राखीव जागा खासगी रुग्णालयाला दिली गेली होती आणि न्यायालयात गेले होते ते आसपासचे रहिवासी. अलीकडे, जानेवारी २०२३ मध्ये, चंदीगडच्या जुन्या सेक्टरांतील एका घराचे मजलेवार फ्लॅट करण्याच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने नागरी विकासाला परवानगी देण्यापूर्वी पर्यावरणीय आघाताचा अभ्यास व्हावा, असे केंद्र व राज्य शासनांना सांगितले. दोन्ही प्रकरणांची वस्तुस्थिती तुमच्यापेक्षा वेगळी आहे, म्हणून अर्जात त्यांचा उल्लेख एका वाक्यात करा, पाने भरू नका.

एक हरकत संस्थेची द्या, ठरावाच्या प्रतीसह. त्याशिवाय ज्यांना स्वतःचे वेगळे म्हणणे आहे, त्यांनीच स्वतंत्र अर्ज द्यावेत. एकच मजकूर शंभर जणांच्या सह्यांनी शंभर वेळा दिला की टिपणीत त्याची एक ओळ होते. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. सुनावणीची नोटीस त्याच आधारावर येते. माहिती अधिकाराचा अर्ज जरूर करा, पण त्याच्या उत्तरालाही तीस दिवसांची मुदत असते आणि तोपर्यंत तुमचा महिना संपलेला असेल. म्हणून आजच लेखी पत्र देऊन प्रस्तावाची नस्ती (फाइल) आणि नकाशा पाहण्यासाठी वेळ मागा.

अटींविषयी: शासन कलम ३७ (२) खाली फेरबदल मंजूर करताना अटी घालू शकते आणि घालतेही. मात्र ‘पायाभूत सुविधांचा विचार व्हावा’ ही अट नव्हे, ती सदिच्छा आहे. अट अशी लिहा की तिची तपासणी एखाद्या कनिष्ठ अभियंत्याला जागेवर उभे राहून करता आली पाहिजे. उदाहरणार्थ, मुख्य रस्त्यापासून या जमिनीपर्यंत १८ मीटर रुंदीच्या रस्त्याचा ताबा प्राधिकरणाकडे येईपर्यंत जागेवर उपलब्ध असलेल्या रुंदीइतकाच चटई क्षेत्र निर्देशांक अनुज्ञेय राहील. किंवा, गाव नकाशातील ओढा भाग नकाशावर दर्शवून त्याच्या काठापासून नियमाप्रमाणे सोडावयाचे अंतर निश्चित केल्याशिवाय अभिन्यास (जमिनीच्या मांडणीचा आराखडा) मंजूर करू नये. पाण्याच्या बाबतीत विकासक हमीपत्र देतो आणि त्यावर भोगवटा पत्र (इमारत वापरण्याचा दाखला) मिळते, पण नंतर ते हमीपत्र वाचायला कोणी येत नाही. त्यामुळे पाण्याची अट भोगवटा पत्राशी नव्हे, तर बांधकाम सुरू करण्याच्या दाखल्याशी जोडून मागा.

प्रतिसाद २

मी अशाच एका समाविष्ट गावातला आहे आणि आमची जमीन अजून शेती विभागात आहे, तेव्हा दुसऱ्या बाजूचेही दोन शब्द ऐकून घ्यावेत ही विनंती. आजूबाजूच्या गटांवर दहा-दहा मजले चढलेले असताना मधल्या शेतकऱ्याला मात्र ज्वारी पेरत राहा म्हणून सांगितले जाते. सोसायट्यांच्या बोअरवेलनी विहिरीचे पाणी खाली गेले, रात्रभर दिवे असल्याने पिकाला किडीचा त्रास वाढला, मजूर मिळत नाहीत. अशा जमिनीत शेती टिकवा हे म्हणणे सोपे असते. तुम्ही डोंगराचा मुद्दा वगळलात हे वाचून बरे वाटले, कारण आमच्याकडील सुनावणीत तोच मुद्दा सर्वांत जास्त वेळा आला होता.

ओढ्याविषयी मात्र आपण स्वतःच्या भिंतीकडेही एकदा पाहावे. आमच्या गावात ओढा प्रथम अरुंद झाला तो सोसायट्यांच्या सीमाभिंतींमुळे, शेतीमुळे नव्हे. तुमच्या संस्थेची मागची भिंत गाव नकाशातील ओढ्यापासून किती अंतरावर आहे हे हरकत देण्यापूर्वी मोजून घ्या. सुनावणीत समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल. आणि जमले तर जमीनमालकांना आधी भेटा. रस्ता आधी व्हावा ही मागणी त्यांच्याही हिताची आहे, कारण अरुंद रस्त्यावरच्या जमिनीला विकासक भाव पाडून मागतो. रुंदीकरणात ज्यांची घरे जाणार आहेत ती माणसे त्यांच्याच भावकीतली असतात आणि त्यांच्याशी बोलणे तुमच्यापेक्षा त्यांना सोपे जाईल.

धागाकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. जनसुनावणीतून वगळल्याचा मुद्दा मी काल रात्रीच सभासदांच्या गटावर टाकला आणि ‘घाई कशाला’ म्हणणाऱ्यांपैकी एकांनी सकाळी संस्थेच्या कार्यालयात येऊन सही केली.

भिंतीविषयीचा सल्ला मी कार्यकारिणीपुढे ठेवला. तो काहींना रुचला नाही, तरी मोजणी करायची असे ठरले आहे. भिंत ओढ्याच्या हद्दीत निघाली तर ती मागे घेण्याची तयारी अर्जातच लिहावी असे माझे मत आहे, त्यावर निर्णय व्हायचा आहे. जमीनमालकांपैकी थोरल्या बंधूंना मी भेटून आलो. रस्त्याची अट त्यांना मान्य आहे, परंतु ‘ताबा येईपर्यंत कमी निर्देशांक’ ही भाषा त्यांना जाचक वाटते. महानगरपालिकेने ताबा घेण्यास दहा वर्षे लावली तर आम्ही काय करायचे, असे त्यांनी विचारले, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. अटीत कालमर्यादा घालून ती प्राधिकरणावर बंधनकारक करता येते का, हे पहिल्या प्रतिसादकर्त्यांनी कृपया सांगावे.

त्याखेरीज एक व्यावहारिक मदत हवी आहे. गाव नकाशा आणि सूचनेसोबतचा भाग नकाशा यांची मापे वेगवेगळी आहेत. हे दोन्ही नकाशे एकमेकांवर बसवून ओढ्याची रेषा आणि आमची भिंत एकाच कागदावर दाखवू शकेल असे कोणी, मोजणीदार किंवा स्थापत्य शाखेचे विद्यार्थी, पुणे परिसरात असतील तर येथेच कळवावे. योग्य ते शुल्क संस्था देईल. नकाशा मात्र मुदत संपण्याच्या किमान आठवडाभर आधी हाती यावा, म्हणजे तो हरकतीला जोडता येईल.