पिनकोड दोनदा लिहिला तर ७, ११, १३ नं भाग का जाईना?

खडेबाजार_दुकानदार:
नमस्कार मंडळी. पोरगी सातवीला आहे, ट्यूशनच्या बाईंनी तिला एक गंमत शिकवलीय, कुठलीबी तीन अंकी संख्या दोनदा लिहायची आणि ७, मग ११, मग १३ नं भागत जायचं, पहिली संख्या परत येते. बेळगावचा एसटीडी कोड ८३१ घेऊन केलं, ८३१८३१ चे ११८८३३, त्याचे १०८०३, आणि १३ नं भागल्यावर परत ८३१! मग पार्सलवरचा पिनकोड ५९०००१ दोनदा लिहिला, ५९०००१५९०००१, दुकानातला बारा अंकी कॅल्क्युलेटर पार भरला पण तिन्हीपैकी एकानंबी भाग जाईना. काल रात्रीपासून वही घेऊन बसलीय, मला सांगता येईना म्हणून विचारायलोय, पिनकोडला असले आकडे नसतातच काय?

निपाणीचे_मास्तर:
असतात की ओ. ८३१ दोनदा लिहिला म्हणजे ८३१ हजार अधिक ८३१, म्हणजेच ८३१ गुणिले १००१. आणि १००१ म्हणजे ७×११×१३, सगळी गंमत तिथं आहे. पिनकोड सहा अंकी, म्हणून तिथं १००१ च्या जागी १०००००१ येतो, दहा लाख एक. त्याचे मूळ अवयव दोनच, १०१ आणि ९९०१. तिला म्हणावं आधी १०१ नं भाग, ५८४१५९९९०१ येतील, त्याला ९९०१ नं भाग, ५९०००१ हजर. आमच्या निपाणीचा ५९१२३७ घेतला तरी तेच.

खानापूर_लोंढा:
१०१ चं तोंडीबी बघता येतंय. उजवीकडनं दोन दोन अंकांच्या जोड्या पाडा, ०१, ००, ५९, ०१, ००, ५९, आणि एक अधिक एक वजा करत जा. ०१ − ०० + ५९ − ०१ + ०० − ५९, शून्य! प्रत्येक जोडी तीन घरं पुढं उलट्या चिन्हानं परत येतीय, म्हणून कुठलाबी पिनकोड घ्या, सगळं कटतंय.

खडेबाजार_दुकानदार:
जमलं ओ, आख्खं पान भरून गणितं केली तिनं! ५९०००१ चेबी अवयव पाडले, ३×१९३×१०१९, बरोबर काय? आणि आता विचारायलीय की असा दोनदा लिहिलेला आकडा पूर्ण वर्ग येतो काय.

निपाणीचे_मास्तर:
अवयव एकदम बरोबर. आणि प्रश्न फार भारी विचारलाय, शाबास म्हणून सांगा तिला. पिनकोडाचा वर्ग कधीच येणार नाही. वर्गात प्रत्येक मूळ अवयव जोडीनं लागतो, १०००००१ मध्ये १०१ आणि ९९०१ एकेकदाच आहेत, म्हणजे त्यांचे जोडीदार पिनकोडातनं यायला पाहिजेत, मग पिनकोड निदान १०००००१ एवढा होणार आणि तो तर सात अंकी. पण अकरा अंकी संख्या घेतली तर येतो! तिथं १००००००००००१ नं गुणायचं असतंय आणि ह्याच्यात ११ दोनदा आहे, तिथंच वाट सापडते. १३२२३१४०४९६ दोनदा लिहायला सांगा, तो बरोबर ३६३६३६३६३६४ चा वर्ग आहे. बावीस अंकी आकडा, तुमच्या कॅल्क्युलेटरवर मावायचा नाही, वहीवरच गुणाकार करू दे.