संतांची ओळ उचलून आपले गाणे लिहावे का?

नेरूळवासी (धागाकर्ती):
कोजागरीच्या रात्री आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी लिहिलेले एक गाणे गायले गेले. नवरा व्यापारी जहाजावर असलेली एक बाई खिडकीच्या ग्रिलवर बसलेल्या कावळ्याला विचारते की, आज तरी फोन येईल का. मुखडा म्हणून ज्ञानेश्वरांच्या विरहिणीतील, म्हणजे विठ्ठलाच्या भेटीसाठी झुरणाऱ्या स्त्रीच्या तोंडी घातलेल्या रचनेतील, ‘पैल तोगे काऊ कोकताहे’ ही ओळ मी जशीच्या तशी घेतली होती. पुढची कडवी माझी होती. गाणे संपल्यावर एक ज्येष्ठ श्रोते शांतपणे म्हणाले, “विठ्ठलाची ओळ तुम्ही नवऱ्याला वाहिलीत, हे मला पटले नाही.” ते बोलणे मनातून जात नाही. तरीही माझे मत असे की, त्या विरहिणीतील दहीभाताची उंडी, दुधाची वाटी, सोन्याने मढवायचे कावळ्याचे पाय हे सारे वाट पाहणाऱ्या कोणत्याही बाईच्या मनातले आहे, आणि म्हणून ती ओळ गीतकाराला परकी नाही.

नौपाडेकर:
मी त्या श्रोत्यांच्या बाजूने आहे, मात्र माझे कारण निराळे आहे. संतरचनेचा अर्थ पहिल्या ओळीत पुरा होत नाही. तो नाममुद्रेच्या, म्हणजे कवीचे नाव गुंफलेल्या शेवटच्या चरणापर्यंत जाऊन मग मागे वळतो. जनाबाईंचे ‘डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारीं जाईन मी’ घ्या. एवढेच उचलून त्यावर ठेका धरला, तर त्याचे काय होईल हे सांगायला नको. शेवटी ‘जनी म्हणे देवा मी झालें येसवा (वेश्या)’ असे ती स्वतःचे नाव घेऊन म्हणते, तेव्हा लोकलाज सोडण्याची किंमत कळते आणि पहिल्या ओळीतला पदर वेगळाच दिसू लागतो. तुमच्या विरहिणीतही अखेरीस ज्ञानदेव स्वतः बोलतात आणि तो शकुन पंढरीरायाच्या भेटीचा ठरतो. मुखडा घेऊन मुद्रा गाळणे म्हणजे पत्र वाचताना सही फाडून टाकणे आहे.

ऐरोलीकर:
नौपाडेकर, आपला मुद्दा वजनदार आहे, पण देवाणघेवाण एकाच बाजूने झाली असे आपण धरून चालला आहात. एकनाथांनी भारुडासाठी वासुदेव, जोशी, जोगवा ही रूपे कोठून घेतली? दारोदार फिरणाऱ्या लोकांच्या तोंडची गाणी घेऊन त्यांनी त्यांत अध्यात्म भरले, आणि तेव्हा मूळ गाणे कोणाला वाहिलेले होते असे कोणी विचारले नाही. विरहिणीची भाषादेखील आधी माणसांच्या विरहाचीच होती. तीच भाषा आज खाडीकाठच्या एका घरात परत आली, तर तिचा अपमान कसा होतो? ‘इंद्रायणी काठी देवाची आळंदी’ हे अनेकांना संतांचे वाटते. प्रत्यक्षात ते गदिमांनी ‘गुळाचा गणपती’ या १९५३ च्या चित्रपटासाठी लिहिले. भीमसेनांचा तो आवाज ऐकताना आपण हात जोडतोच ना?

नौपाडेकर:
हे उदाहरण तर माझेच झाले. गदिमांनी तेथे कोणाची ओळ उचलली नाही. त्यांनी सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा मोठा अभंग घेतला, दुसऱ्या-तिसऱ्या खंडाचे यमक सांभाळले आणि शब्द स्वतःचे लिहिले. गुलजारांनीही १९९८ च्या ‘दिल से’साठी सूफी कवी बुल्लेशाहांच्या ‘थैया थैया’चा नाद घेऊन ‘छैया छैया’ घडवले. छंद घ्यावा, नाद घ्यावा, ओळ मात्र तिच्या जागी राहू द्यावी. वृत्त सांभाळायला मेहनत पडते, आणि त्या मेहनतीतच संतांचा खरा सहवास घडतो असे मला मनापासून वाटते.

नेरूळवासी (धागाकर्ती):
ऐरोलीकरांनी माझी बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडली, तरी नाममुद्रेचा मुद्दा मला खोडता येत नाही. काल रात्री शेवटच्या चरणासह पूर्ण विरहिणी मोठ्याने म्हटली आणि लगेच माझे गाणे म्हटले, तेव्हा माझी कडवी त्या एका ओळीच्या आधाराने उभी आहेत हे मलाच ऐकू आले. दहीभात तेथला होता. माझ्या बाईच्या स्वयंपाकघरातले मी काहीच लिहिले नव्हते. कावळा मात्र मी सोडणार नाही, कारण तो आमच्या ग्रिलवर रोज येतो. मोठ्या अभंगात नवा मुखडा बसवला आहे: ‘खिडकीशी बसे काळा हा पाहुणा, पुसू त्याला खुणा दर्यातल्या’. ऐरोलीकर, आपल्याला तो फिका वाटला तर तसे अवश्य लिहावे; कडव्यांना मी अजून हात लावलेला नाही.