ब्रुजला एक रात्र तरी राहाच

ब्रसेल्सहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत, बेल्जियममधल्या ब्रुज या जुन्या गावाला तेवढं पुरे, असं काहीजण म्हणतात. ट्रेनने तासाभराचंच अंतर, त्यामुळे जमतं खरं, पण मला ते पटत नाही. दिवसाची गर्दी ओसरली की कालव्याचं पाणी निवांत होतं आणि घंटाघराच्या ४७ घंटांचा नाद बोळाबोळांतून नीट ऐकू येतो.

आम्ही एप्रिलच्या सुरुवातीला गेलो होतो. बेगाइनहोफच्या (धर्मनिष्ठ स्त्रियांची एकत्र राहण्याची जुनी वसाहत, १२४५ सालची!) अंगणात उंच झाडांखाली पिवळे डॅफोडिल्स, भोवती पांढरी घरं. आवाज न करता हिंडायचं. माझी आई तिथे कितीतरी वेळ नुसती उभी होती.

घंटाघराच्या ३६६ पायऱ्या गुडघे साथ देत असतील तरच चढा, वर वर जिना फार अरुंद होत जातो. नाहीतर आवर लेडी चर्चमधली मायकेलअँजेलोची संगमरवरी माता-बालक मूर्ती बघा.

आणि हो, समुद्राकडे जाणारी झ्विन खाडी गाळाने भरली, व्यापार अँटवर्पला गेला, म्हणूनच हे जुनं गाव इतकं शाबूत राहिलंय. स्वेटर मात्र न्याच, पाण्यावरचा वारा बोचतो.