खंबाटकीत बर्फ पडतोय म्हणे! गाडीचा बाहेरचं तापमान दाखवणारा सेन्सर गंडलाय

घाटवाला_सातारकर

मंडळी, जरा डोकं लावा. माझ्या टूरिंग मोटरसायकलच्या डिस्प्लेवर बाहेरचं तापमान येतं. गाडी साडेतीन वर्षांची, ३९ हजार किलोमीटर झालेत, दर शनिवारी पुणे-सातारा ठरलेलं. गेल्या शनिवारी खंबाटकी घाट चढताना आकडा २४ वरून धपकन ३ वर आला आणि बर्फाचं चिन्ह लुकलुकायला लागलं. जानेवारी असला म्हणून काय झालं, सकाळचे साडेनऊ वाजलेले, जॅकेटच्या आत घाम येत होता राव! वर चहाला थांबलो, निघालो तर १९. सुरूरच्या पुढे उणे ६.

आणि स्वारगेटच्या सिग्नलला उलटंच नाटक. तिथं ४४ दाखवतो.

सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो, सेन्सर सुटा तपासता येत नाही, अख्खा डिस्प्ले बदलू, १९ हजार. गाडी बाकी झकास चालते. घरी साधा मल्टिमीटर आहे, पण त्यावर मी आजवर बॅटरीचे व्होल्ट सोडून काही बघितलेलं नाही. कुठून सुरुवात करू?

रायडर_चिंचवड

भाऊ सेन्सर गेला. नवीन टाक, विषय संपला. आणि लवकर टाक, नाहीतर पेट्रोल जास्त प्यायला लागेल.

जुना_वायरमन

चिंचवडकर, थांबा जरा. पेट्रोलचा हिशोब करणारा हवेचा सेन्सर इंजिनला हवा देणाऱ्या एअरबॉक्सपाशी असतो, तो वेगळा. हा पुढचा सेन्सर बहुतेक गाड्यांत फक्त डिस्प्लेवर आकडा दाखवायला असतो. ॲव्हरेजला काही होत नाही.

सातारकर, तुझ्या तक्रारी दोन आहेत, त्या एकत्र कालवू नकोस. सिग्नलला ४४ हा बिघाडच नाही. गाडी उभी राहिली की समोरून वारा लागत नाही, इंजिन-रेडिएटरची गरम हवा तिथंच साचते, ती सेन्सरला लागते. स्वारगेट सोडून चार-पाच मिनिटं चांगल्या वेगात गेलास की उतरतं की नाही ते बघ. उतरत असेल तर विसरून जा.

खरा आजार थंडीचा. सेन्सर म्हणजे आत एक थर्मिस्टर, दोन वायरी. गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, गार झाला की वाढतो. डिस्प्ले तेवढंच बघतो. आता वाटेत कुठे कपलर (वायरी जोडणारा प्लग) कळकला, टर्मिनल ढिला झाला, की तिथला रेझिस्टन्स सेन्सरच्या रेझिस्टन्समध्ये मिळतो आणि डिस्प्ले समजतो की गारठा पडलाय. २५ अंशांना १० हजार ओहम दाखवणारा सेन्सर धर. कपलरने वर १५ हजार घातले की आकडा ३ ते ६ अंशांवर येतो. तुझा बर्फ तिथला आहे असं मला वाटतं. खड्डा लागला की आकडा उडी मारतो का? गाडी प्रेशरने धुतोस का?

सेन्सर बहुधा हेडलाइटखाली किंवा फेअरिंगच्या (पुढच्या प्लास्टिकच्या कवचाच्या) आत नाकाशी असेल. काढ, घरात आण, अर्धा तास तसाच ठेव आणि ओहम मोज. मग स्टीलच्या पेल्यात कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी घालून ढवळ, त्यात टोक बुडव. पाणी हवंच. नुसता फ्रीझरमधला बर्फ शून्याच्याही खाली असतो. कपलरची बाजू पाण्याबाहेर.

घाटवाला_सातारकर

काका, धुतो की, दर पंधरवड्याला, प्रेशरनेच. आणि हो, उड्या मारतो. रस्त्यावरचे रम्बलर पट्टे आले की हमखास. स्वारगेटचंही तुम्ही म्हणता तसंच, कात्रजपर्यंत जागेवर येतं.

सेन्सर काढला. पुढचं नाक खोलायला दोन तास गेले, एक क्लिप मोडली. घरात २१ अंश होते (आईचा भिंतीवरचा थर्मामीटर), मीटरवर ११.७ हजार ओहम आले. मग बर्फात घातला तर मीटर नुसता डाव्या कोपऱ्यात १ दाखवतोय. दोनदा केलं, तेच. म्हणजे गार झाला की आतून तुटतो ना? गेलाच म्हणायचा? आई म्हणते चहाच्या पेल्यात गाडीचे भाग बुडवायचे नाहीत, ते वेगळंच.

जुना_वायरमन

मीटरचा खटका २० के (२० हजार ओहम) वर ठेवलायस ना? मग तो १ म्हणजे "माझ्या पट्टीबाहेर गेलं", दुसरं काही नाही. २०० के वर फिरव. २१ ला ११.७ देणारा शून्याला २८ ते ३३ हजारांच्या आसपास यायला हवा. आणि नवा पेला घे.

घाटवाला_सातारकर

२८.४!! सलग पाच मिनिटं जागचा हलला नाही. मुठीत धरला तर भराभर खाली आला, ७ च्या घरात.

जुना_वायरमन

मग सेन्सर ठणठणीत. आता गाडीकडची बाजू. पुण्यात तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून १० के चा रेझिस्टर आण, तपकिरी-काळा-नारिंगी पट्ट्यांचा, रुपया-दोन रुपयांत मिळेल. त्याचे पाय सेन्सरच्या जागी कपलरमध्ये घाल. डिस्प्लेवर २५ च्या आसपास यायला हवं. एक लक्षात ठेव: काही गाड्या उभ्या असताना आकडा वर चढूच देत नाहीत, तेव्हा प्रत्येक बदलानंतर चावी बंद करून पुन्हा चालू कर. मग कपलर बोटांत धरून हलव. आकडा नाचला तर चोर सापडला. २५ वर ठाम राहिला तर वायर मागे कुठेतरी घासलीय का ते शोधावं लागेल.

घाटवाला_सातारकर

सापडला. रेझिस्टर घालून आधी ९. कपलर जरा दाबला, चावी फिरवली, २५. खाली ओढला, उणे २. टॉर्च मारून आत बघितलं तर एक टर्मिनल पितळेच्या भांड्यात ताक राहिल्यावर होतं तसं हिरवंगार, आणि त्याचं रबरी सील जागेवरच नाही. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, आईच्या शिलाईच्या सुईने खरवडलं, परत मारलं, हेअर ड्रायरने वाळवलं. आता सकाळी भिंतीवर २१, गाडीवर २२. काल मुद्दाम रम्बलरवरून तीन चकरा मारल्या, २२ च.

सर्व्हिस सेंटरला फोन करून डिस्प्लेची ऑर्डर रद्द करा म्हटलं. "सेन्सर आपोआप बरा झाला का?" म्हणे.

एकच घोळ. खरवडताना त्या टर्मिनलची जीभ वाकली, आता पीन जरा सैल बसते. तसंच ग्रीस भरून ठेवू का?

रायडर_चिंचवड

मी माझे शब्द मागे घेतो. माझ्या गाडीत पण पावसाळ्यापासून चिन्ह लागतंय, आता कपलर बघतो.

जुना_वायरमन

सैल ठेवू नकोस, ग्रीसने पकड येत नाही. महिनाभरात परत खंबाटकीत बर्फ पडेल. बारीक स्क्रू ड्रायव्हरने जीभ हलकेच आतल्या बाजूला वाकवून बघ. तुटली तर शेपटीसकट (वायरीच्या तुकड्यासकट) नवा कपलर बसव. दुकानात जाताना जुना कपलर खिशात घेऊन जा, तोंडी सांगून बरोबरचा कधीच मिळत नाही. जोड द्यायचा झाला तर डाग देऊन (सोल्डर करून) वर गरम केल्यावर आवळणारी हीट श्रिंक नळी चढव, नुसती पिळून टेप गुंडाळू नकोस. सील नवं घाल, मग डायइलेक्ट्रिक ग्रीस, ते पण थोडंच. आणि वॉशिंगवाल्याला सांग, पुढच्या नाकावर पाइप जवळून धरायचा नाही.