विषय: अनुदान अर्ज, प्रश्न 14: ‘हो’ की ‘नाही’? (शुक्रवार रात्रीपर्यंत!!)

प्रेषक: सचिव

मंडळी, अर्ज जवळजवळ झालाय, घोडं फक्त प्रश्न 14 वर अडलंय. ‘हा अर्ज तयार करताना जनरेटिव्ह एआयचा वापर केला आहे का? केला असल्यास कुठे?’ खाली दोन चौकोन आणि जेमतेम 200 अक्षरांची जागा. गेल्या वर्षी हा प्रश्न नव्हता.

ज्येष्ठांना फोन करायच्या आपल्या प्रकल्पाचं वर्णन आणि ‘अपेक्षित परिणाम’ मी चॅटजीपीटीकडून लिहून घेतलं, मग त्यावर हात फिरवला. बाकी सगळं माझं. ‘हो’ म्हटलं तर गुण कापतात का? कुणाला अनुभव? मसुदा आणि मराठी गोषवारा सोबत जोडलाय. शुक्रवारी रात्री 12 ला पोर्टल बंद होतं.

प्रेषक: माजी अध्यक्ष

11 वर्षं मंडळाचे अर्ज मी लिहिले. रात्री जागून, स्वतःच्या डोक्याने. त्यातले 4 नाकारले गेले, पण माझ्या चुकांमुळे नाकारले गेले. मागच्या कार्यकारिणीला मी जुने अर्ज पेन ड्राइव्हवर दिले होते. तो कुठे आहे?

प्रेषक: स्मरणिका संपादक

गोषवाऱ्यात ‘दुसर्या’ आणि ‘सार्या’ असं छापलंय. ते ‘दुसऱ्या’, ‘साऱ्या’ हवं. यात यंत्राचा एकट्याचा दोष नाही म्हणा, इंटरनेटवर आपणच वर्षानुवर्षं तसं लिहीत आलो, तेच ते शिकलं. पण ‘ज्येष्ठांच्या सक्षमीकरणाचा सर्वांगीण प्रवास’ हे कोणाचं मराठी? आपल्यातलं कोणी असं बोलतं का?

आणि ते पोस्टर आठवा. एआयने काढलेल्या चित्रात ‘स्नेहसंमेलन’ची जोडाक्षरं इतकी फुटली होती की लोकांना भलतीच लिपी वाटली. तेव्हाही मला आधी दाखवलं नव्हतं.

प्रेषक: सचिव

पोस्टर सांस्कृतिक समितीचं होतं, माझं नव्हे. पेन ड्राइव्ह माझ्याकडे नाही. प्रश्न 14??

प्रेषक: खजिनदार

14 राहू दे, पान 3 उघडा. ‘मंडळ दर आठवड्याला 140 ज्येष्ठांशी दूरध्वनीवरून संपर्क साधते.’ कुठले 140? फोन-गटाच्या यादीत 38 नावं आहेत. त्यातले दोघं माझे आई-वडील, आणि ते फोन उचलत नाहीत. पुढे ‘स्वतंत्र मूल्यमापनात एकटेपणात लक्षणीय घट’. हे मूल्यमापन कधी झालं? बिल तर माझ्याकडे आलेलं नाही.

अर्जावर सही अध्यक्षांची आणि माझी. उद्या अनुदान देणाऱ्यांनी हिशेब मागितला तर ‘यंत्राने लिहिलं’ म्हणून सुटका होणार आहे का? न्यूयॉर्कच्या कोर्टात 2023 साली वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, मुळात नसलेले खटले दाखले म्हणून दिले. दंड वकिलांना झाला.

आणि चॅटजीपीटीला नेमकं काय दिलं होतंत?

प्रेषक: सचिव

फोन-गटाची एक्सेल. जशीच्या तशी. म्हटलं, आकडे तिथूनच घेईल.

प्रेषक: फोन-गट समन्वयक

‘शेरा’ रकान्यासकट??

प्रेषक: सचिव

हो मावशी. माझ्या लक्षातच आलं नाही.

प्रेषक: फोन-गट समन्वयक

त्या रकान्यात कोण न्हाणीघरात पडलं, कोणाच्या गोळ्या वाढल्या, कोणाचा मुलगा वर्षभर बोलत नाही, हे सगळं आहे. त्यांनी ते मला सांगितलंय, मंडळालासुद्धा नाही. चूक माझीही आहे, मी ते सामायिक फाइलमध्ये ठेवायला नको होतं. आजपासून शेरे माझ्या वहीत.

प्रेषक: वेबसाइट सांभाळणारा

सचिवदादा, आधी घाबरणं थांबवा आणि हे करा. तो संवाद डिलीट करा. कंपनीच्या म्हणण्यानुसार तो साधारण 30 दिवसांत त्यांच्या यंत्रणेतूनही जातो. मग सेटिंग्जमध्ये जाऊन तुमचं लिखाण मॉडेल शिकवायला वापरण्याची परवानगी बंद करा. वैयक्तिक खात्यात ती आपणहून बंद करावी लागते. आणि तरीही नावं द्यायची नाहीतच. मार्च 2023 मध्ये एका बगमुळे काही जणांना दुसऱ्यांच्या संवादांची शीर्षकं दिसली होती. पुढच्या वेळी नाव, फोन, शेरे काढून फक्त वयोगट द्या. अर्जाला तेवढं पुरतं.

जाता जाता एक सुचवतो. 38 फोन करायला माणसं कमी पडतात म्हणून तर आपण पैसे मागतोय. बॉट मराठीत बोलतात आता. नुसतं ‘बरं आहे ना’ विचारायला…

प्रेषक: फोन-गट समन्वयक

नको. अमेरिकेत खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या एका मोठ्या संस्थेने 2023 मध्ये माणसांची हेल्पलाइन बंद करायचं ठरवलं आणि लोकांना ‘टेसा’ नावाच्या बॉटकडे वळवलं. आजारातून सावरणाऱ्यांनाच तो वजन कमी करायचे सल्ले द्यायला लागला. मे संपायच्या आत तो उतरवावा लागला. आपले काका ‘बरं आहे’ म्हणतात तेव्हा बरं नसतं, हे मला त्यांच्या श्वासावरून कळतं. तुमच्या बॉटला काय कळणार आहे?

उद्यापासून सगळ्यांना फोन करून यादीबद्दल सांगते.

प्रेषक: माजी अध्यक्ष

उगाच घाबरवू नका म्हाताऱ्या माणसांना. अध्यक्षांनी एक रीतसर पत्र काढावं. मी मसुदा देतो.

प्रेषक: फोन-गट समन्वयक

पत्र काढा. फोन मीच करणार.

प्रेषक: स्मरणिका संपादक

अर्जाला फोटो लागतो ना? ज्येष्ठांचे फोटो द्यायला घरचे तयार नसतात. हसऱ्या आजी-आजोबांचं एआय चित्र चालेल?

प्रेषक: खजिनदार

पोस्टरवर एवढं बोललात आणि आता तुम्हीच? अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने 2023 मध्ये कोलंबियातल्या आंदोलनाची एआय चित्रं टाकली होती. हेतू आंदोलकांचे चेहरे लपवण्याचा होता, म्हणजे चांगलाच. तरी टीका इतकी झाली की ती काढावी लागली. खऱ्या माणसांसाठी पैसे मागताना खोटी माणसं दाखवायची नाहीत. टेलिफोन धरलेल्या हाताचा फोटो काढा, चेहरा कशाला हवा?

प्रश्न 14 ला ‘हो’. ‘नाही’वर मी सही करणार नाही. मजकूर असा: ‘वर्णन व परिणाम या भागांचा पहिला मसुदा एआयने केला. मजकूर सदस्यांनी पुन्हा लिहिला. सर्व आकडे मंडळाच्या नोंदींवरून घेतले आहेत.’ आणि हे खरं ठरायला पान 3 आज रात्री पुन्हा लिहा.

प्रेषक: सचिव

मजकूर मावतो, अक्षरं मोजली. पान 3 हाताने लिहितोय. मूल्यमापन उडवलं, त्या जागी ‘वर्षभराने समन्वयक सर्वांशी बोलून अहवाल देतील’ असं घातलं. आकडा शेवटचा सांगा, 38 की 36? खजिनदारांचे आई-वडील फोन उचलत नाहीत म्हणे.

प्रेषक: फोन-गट समन्वयक

38. माझा उचलतात.