विषय: सिरप साखरलं, पंप अडकले, शनिवारच्या आत उत्तर हवं

ताई:

मंडळी,

शनिवारच्या कॉफी स्टॉलसाठी केलेलं व्हॅनिला आणि दालचिनीचं सिरप, दोन्ही साखरलंय. हेझलनट ठीक दिसतंय. रविवारी करून फ्रिजमध्ये ठेवलं होतं, आज बघते तर तळाला बोटभर खडे. दालचिनीच्या बाटलीला पंप आधीच बसवला होता, त्याची नळी खड्यांत रुतली आहे. दाबला की खाली जातो आणि तिथेच बसतो.

प्रमाण माईंनी मागे लिस्टवर पाठवलं होतं तेच, साखर दोन आणि पाणी एक. आता पाणी घालू, परत गरम करू, की फ्रिजबाहेरच ठेवू? कृपया "विकतचं आणा" असं कुणी लिहू नका, ते बैठकीत बोलून झालंय.

माई:

माझ्या प्रमाणाला नावं ठेवण्याआधी हे सांग, किती वेळ उकळलंस? मी तेव्हाच लिहिलं होतं की साखर विरघळली की गॅस बंद. पाक करायचा नाहीये. बोटावर तार यायला लागली म्हणजे काम बिघडलं. आमच्याकडे हेच प्रमाण, हाच फ्रिज, आणि एक कण कधी खाली बसलेला नाही.

ताई:

माई, नावं नाही ठेवत हो. दालचिनीच्या काड्या घातल्या होत्या, त्यांचा अर्क उतरायला दहा-पंधरा मिनिटं मंद आचेवर ठेवावंच लागलं. व्हॅनिलाही त्याच पाकातलं, शेवटी दोन भांडी केली.

खजिनदार:

फक्त पंपांबद्दल. ते मंडळाचे आहेत आणि वहीत सही करून दिलेले आहेत. ते उकळत्या पाण्यात घालू नयेत. मागच्या कार्यक्रमानंतर एकाची नळी वाकडी होऊन परत आली, कुणी केलं ते मी विचारलेलं नाही. कोमट पाण्याच्या भांड्यात नळी बुडवून ठेवा, खडे आपोआप सुटतील. आणि इथून पुढे पंप कार्यक्रमाच्या दिवशीच मिळतील.

वहिनी:

लिंबाचे थेंब घाला ना! पाकात घालतो तसेच. साखर परत धरत नाही.

बापू:

वहिनी, दुधाच्या कॉफीत लिंबू? स्टॉलवर फाटलेलं दूध वाटायचंय का?

वहिनी:

बापू, लिटरभर सिरपला पाव चमचा लिंबू, आणि एका कपात त्यातलं जाणार दोन चमचे. त्यानं दूध फाटायला लागलं तर नुसत्या कॉफीनंही फाटेल, कॉफी काय कमी आंबट असते? फाटायचं असलं तर आधीच नासायला आलेलं दूध फाटेल. ताजं आणा.

अण्णा:

एक साधा प्रश्न कुणीच विचारला नाही. दोनास एक हे वाटीनं की वजनानं?

२० अंशांना १०० ग्रॅम पाण्यात साधारण २०० ग्रॅम साखर विरघळून राहते. शून्याच्या आसपास १८०च राहते. म्हणजे वजनानं दोनास एक केलेलं सिरप बाहेर काठोकाठ भरलेलं असतं, आणि फ्रिजमध्ये गेलं की जास्तीची साखर खाली बसणारच. त्यात पंधरा मिनिटं उघड्या भांड्यात आटवलं तर पाणी आणखी कमी.

माईंचं प्रमाण वाटीचं असणार. २४० मिलीच्या कपात साखर भरते सुमारे २०० ग्रॅम आणि पाणी २४०. दोन कप साखर म्हणजे ४०० ग्रॅमला २४० पाणी, हे वजनानं दोनास एक नाही, पावणेदोनाच्याही आतलं आहे. ते फ्रिजमध्ये पातळच राहतं. दोघींचं बरोबर आहे, भांडी वेगळी आहेत.

लिंबाबद्दल: आंबटपणामुळे साखरेतली थोडी फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, आणि ही मिसळ लवकर खडा धरत नाही. पण त्यासाठी ते साखरेबरोबर उकळायला लागतं. गार सिरपमध्ये वरून चार थेंब टाकून शनिवारपर्यंत काही व्हायचं नाही.

वहिनी:

हेझलनट मी केलं होतं. वाटीनं. 🙂

माई:

वाटीनंच. काटा घेऊन कोण बसतं.

अण्णा:

ताई, आता करायचं ते असं. साखर किती घेतली होती त्याला १.६ नं गुणा, सिरपचं एकूण वजन तेवढं व्हायला हवं. दोन किलो साखर असेल तर ३ किलो २०० ग्रॅम. आधी सगळं वजन करा, खड्यांसकट, मग जेवढं कमी तेवढं उकळलेलं पाणी घाला. खालचे खडे टाकून देऊन वरचं द्रव वापरू नका, हिशेब लागणार नाही.

मग मंद आचेवर, झाकण ठेवून, पूर्ण नितळ होईपर्यंत. एक खडा जरी उरला तरी त्याच्याभोवती परत साखर जमायला लागते. भांड्याच्या कडेला चिकटलेले कणही ओल्या ब्रशनं खाली उतरवा. काचेची बाटली फ्रिजमधून काढून थेट गरम पाण्यात ठेवू नका, तडकेल. आधी खोलीत येऊ द्या, मग कोमट.

व्हॅनिला परत तापवताना वास थोडा उडेल. एक्स्ट्रॅक्टचा चमचा गॅस बंद केल्यावर घाला.

बंडू:

एवढा खटाटोप कशाला? बाहेर ठेवा ना. कपभर सिरपला चमचाभर व्होडका, टिकतं. मी घरी तसंच करतो.

सचिव:

बंडू, नाही. स्टॉलवर मुलं असतात आणि अजिबात न घेणारे लोकही. घरी काय करतोस ते घरी.

बंडू:

सचिवसाहेब, व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट दारूतच असतं. अमेरिकेच्या नियमात तर त्यात किमान ३५ टक्के अल्कोहोल लागतं. ते चालतं?

सचिव:

चमचा आणि बाटली यात फरक आहे. हा विषय इथेच थांबवू या, हॉलच्या करारात आहे ते.

बापू:

बंडूच्या बाजूनं नाही, पण बाहेर ठेवण्याबद्दल. घट्ट असतं तोवर बुरशी सहसा धरत नाही, अडचण बाटलीच्या मानेशी होते. मागच्या वेळची ती व्हॅनिलाची बाटली आठवते ना, वर पांढरी साय आल्यासारखी? सगळे म्हणाले सिरप खराब केलं. खालचं सिरप चांगलं होतं. गरम गरम भरून लगेच झाकण लावलं, वाफेचे थेंब आतून मानेवर जमले आणि परत सिरपवर उतरले. वरचा पातळ थर म्हणजे गोड पाणीच, बुरशीला दुसरं काय हवं? मी तेव्हा बाटली उजेडात धरून बघितली होती, मानेपासून थेंबांच्या वाटा खालपर्यंत दिसत होत्या.

माई:

म्हणून मी पूर्ण गार झाल्यावरच भरते. वर स्वच्छ फडकं.

अण्णा:

फडक्यातून हवेतलं जे पडायचं ते पडतंच, माई. बाटली दहा मिनिटं उकळून घ्या, सिरप कडक गरम असतानाच भरा, झाकण लावून दोन मिनिटं उलटी धरा, म्हणजे झाकण आतून तापतं. मग सरळ ठेवून गार झाल्यावर एकदा हलवायची, मानेवरचे थेंब सिरपमध्ये मिसळून जातात, थर राहत नाही. आणि मग फ्रिजमध्ये.

माई:

उलटी धरताना गळली तर हात भाजेल. माझं फडकं बरं. मी तरी तसंच करणार.

छोटी:

नमस्कार, मी पहिल्यांदाच लिहितेय. आई-बाबांसाठी बिनसाखरेचं एक करता येईल का? जमल्यास हेझलनट.

अण्णा:

करता येईल, पण ते सिरपसारखं टिकत नाही. इथे साखरच राखण करते, पाण्याला धरून ठेवते म्हणून जंतूंना पाणी मिळत नाही. ती काढली की उरतं वास लावलेलं पाणी. साखरेऐवजी वापरतात ते एरिथ्रिटॉल घातलं तर फ्रिजमध्ये तेही साखरतं. शुक्रवारी संध्याकाळी थोडंच करा, फ्रिजमध्ये ठेवा, शनिवारी संपवा.

बंडू:

मग त्यात सोडियम बेंझोएट घाला, टिकायला घालतात ते. माझ्याकडे जॅमसाठी आणलेलं पडलंय.

अण्णा:

बेंझोएट आंबट पदार्थातच काम करतं. जॅमला चालतं, हेझलनटच्या सिरपला नाही, त्यात आंबट काहीच नाही. पोटॅशियम सॉर्बेट चाललं असतं, पण एका दिवसासाठी कशाला?

ताई:

झालं. साखर दोन किलो होती. काट्यावर टाकलं तर सगळं मिळून २ किलो ८४०. अण्णांच्या हिशेबानं ३६० मिली पाणी घातलं, झाकण ठेवून तापवलं, आता दोन्ही नितळ आहेत. एक छोटी बाटली काल रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून बघितली, खाली काही नाही. पंपाची नळी कोमट पाण्यात सुटली, खजिनदारांनी काळजी करू नये.

दालचिनी गाळताना मात्र मलमल बुळबुळीत झाली. काड्या होत्या, पूड नव्हती, तरीही.

वहिनी:

काड्या जास्त वेळ राहिल्या की तसं होतं, पुडीनं तर विचारूच नको. पुढच्या वेळी गॅस बंद करून काड्या टाक आणि झाकून ठेव, अर्क उतरतो. आटायचंही वाचेल.

सचिव:

हेझलनटच्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत "नट" लिहिलेलं हवं, इसेन्स असला तरी. आणि तिन्हींना वेगळे पंप. एका पंपानं तिन्हीकडे फिरलेलं चालणार नाही, ॲलर्जी असलेली दोन मुलं येतात.

खजिनदार:

पंप तीन आहेत, पैकी एक वाकड्या नळीचा. तो हेझलनटला देतो. तारखेच्या चिठ्ठ्या कोण लावणार?

माई:

मी लावते. वाटीनं की काट्यानं तेही लिहिते.