नियम हवेत, पण शेजारच्या गल्लीत!

पायवाट
१६ मे २०२३. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयचा प्रमुख सॅम ऑल्टमन अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे बसून सांगतो, आमच्यावर नियम घाला, मोठ्या एआय मॉडेलांना लायसन्स देणारी सरकारी संस्था काढा. आठवडाभरात हाच गृहस्थ लंडनमध्ये म्हणतो, युरोपचा एआय कायदा पाळणं जमलं नाही तर तिथलं दुकान बंद करू. ओरड झाल्यावर दोन दिवसांत घूमजाव. पुढे जूनमध्ये 'टाइम'नं छापलं, की कंपनीनं सप्टेंबर २०२२ मध्येच युरोपच्या अधिकाऱ्यांकडे कागद धाडला होता: आमचं जीपीटी-३ हे मॉडेल मुळात या कायद्याच्या जास्त जोखमीच्या यादीत बसत नाही.

म्हणजे नियम भाषणात असेपर्यंत हवा. त्याला कलम, तारीख आणि दंड चिकटला की नको. पटतंय का?

कोथरूडचा कोडर
अर्धंच. कंपन्यांना विचारलंच नाही तर काय होतं ते आपण घरीच पाहिलंय. १ मार्च २०२४ ला आपल्या आयटी मंत्रालयाची सूचना आली: चाचणी पुरी न झालेलं मॉडेल लोकांसाठी खुलं करायचं तर सरकारची परवानगी घ्या. चाचणी पुरी म्हणजे काय, परवानगी कोण देणार, किती दिवसांत, काही पत्ता नाही. आमच्या सहा जणांच्या कंपनीत त्या आठवड्यात कामापेक्षा चर्चाच जास्त. स्टार्टअपवाल्यांनी आरडाओरडा केला, १५ मार्चला परवानगीची अट गेली. ही लॉबिंग, म्हणजे आपल्या सोयीसाठी सरकारवर दबाव, म्हणायची की अक्कल शिकवणं?

पायवाट
सहा जणांनी उघडपणे ओरडणं वेगळं हो. मी दारामागच्या कागदाबद्दल बोलतोय.

सॅन होजेची सून
मी इथे राहते म्हणून कॅलिफोर्नियाचं सांगते. तिथल्या सिनेटर स्कॉट वीनरचं एसबी १०४७ हे मोठ्या एआय मॉडेलांच्या सुरक्षेचं बिल २०२४ मध्ये दोन्ही सभागृहांत पास झालं. लागू कोणाला? ज्या मॉडेलच्या प्रशिक्षणावर १० कोटी डॉलरच्या वर खर्च झाला त्यांना. तरी प्रचार काय, तर 'छोटे स्टार्टअप मरतील'! १० कोटी डॉलर खर्चणारा छोटा स्टार्टअप मला तरी अजून भेटलेला नाही. ओपनएआय, मेटा, गूगल विरोधात. अँथ्रॉपिक या दुसऱ्या एआय कंपनीनं बदल सुचवले, त्यातले बरेच बिलात आले, मग 'तोट्यापेक्षा फायदा बहुधा जास्त' असं पत्र दिलं. म्हणजे विरोध करणाराही कंपनीवाला आणि खाडाखोड सुचवणाराही. गव्हर्नर न्यूसमनी २९ सप्टेंबरला व्हेटो केला.

कोथरूडचा कोडर
ताई, व्हेटोचं कारणही सांगा की. मॉडेल किती मोठं ते बघता, ते कुठे वापरलं जातंय ते बघत नाही, असा आक्षेप होता. तो मलाही पटतो. विरोधात स्टॅनफर्डच्या फेई-फेई ली पण होत्या. त्या काय लॉबिस्ट?

सॅन होजेची सून
लॉबिस्ट नाहीत, मोठ्या शास्त्रज्ञ आहेत. पण त्यांच्या वर्ल्ड लॅब्स या कंपनीत अँड्रीसन होरोविट्झ या गुंतवणूक फर्मचा पैसा आहे आणि ही फर्म बिलाच्या विरोधात आघाडीवर होती. मत विकत घेतलं असं मी म्हणत नाही. मात्र इथे ज्याला विषय कळतो त्याचा कुठे ना कुठे पैसा अडकलेला असतो. खरं दुखणं ते.

आणि बरोबर एका वर्षानं, २९ सप्टेंबर २०२५ ला, त्याच न्यूसमनी वीनरच्याच एसबी ५३ वर सही केली. सुरक्षेचा आराखडा जाहीर करा, गंभीर घटना १५ दिवसांत कळवा, तक्रार करणाऱ्या कर्मचाऱ्याला संरक्षण द्या. चांगलंच आहे. पण आधीच्या बिलातलं बाहेरच्या माणसाकडून ऑडिट गायब.

मिसळ नको पाव द्या
त्याच वर्षी अमेरिकेच्या संसदेत राज्यांच्या एआय कायद्यांवर १० वर्षं बंदी घालायचा प्रस्ताव होता. सिनेटनं १ जुलैला ९९ विरुद्ध १ मतांनी उडवला. लगेच ऑगस्टमध्ये निवडणुकांसाठी १० कोटी डॉलरच्या वरचा निधी जाहीर झाला, अँड्रीसन होरोविट्झ आणि ओपनएआयचे ग्रेग ब्रॉकमन यांचा. मतं कमी पडली ना, आता माणसंच बदलू!

बॉयलरवाले काका
मी साखर कारखान्यात ३१ वर्षं बॉयलर सांभाळला. बॉयलरचे नियम करणाऱ्या केंद्रीय मंडळावर बॉयलर बनवणारेही असतात, त्यात मला कधी वावगं वाटलं नाही. पण सर्टिफिकेटवर सही सरकारी इन्स्पेक्टरची. पाणी भरून दीडपट दाब चढवायचा, काटा जागचा हलता कामा नये, आणि साहेब बॅटरी घेऊन ट्यूबच्या तोंडाशी घाम धरलाय का ते स्वतः वाकून बघणार. तेवढा वेळ मॅनेजर बाजूला उभा, चहा गार. एआयवाल्यांकडे बॅटरी कोणाच्या हातात आहे एवढं सांगा.

कोथरूडचा कोडर
काका, नमस्कार. तुमच्या इन्स्पेक्टरला ट्यूब कुठे गळते ते ठाऊक असतं. मॉडेल कुठे गळतं ते शोधायची खात्रीची रीत बनवणाऱ्यांकडेही नाही. दीडपट दाब कशाच्या दीडपट? जी काही तोडकीमोडकी समज आहे ती कंपन्यांच्या इंजिनिअरांकडे. त्यांना खोलीबाहेर काढून नियम कोण लिहिणार, कारकून?

सॅन होजेची सून
ब्रिटननं नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारी संस्था काढलीच की, मॉडेल तपासायला. चांगली माणसं नेमली. पण आत जायचं ते कंपनीनं राजीखुशीनं दार उघडलं तरच.

बॉयलरवाले काका
मग तो इन्स्पेक्टर नव्हे. पाहुणा.

कोथरूडचा कोडर
असेल. २०२२ मध्ये तोही येत नव्हता, काका.